काशीरामकाकांची फलक फाइल

रविवारपासून, मॅडम. लिहा ना — रविवार, संध्याकाळी पावणेसहा. एवढं एक्झॅक्ट कसं म्हणजे? पैज हरले ना तेव्हा. तुमच्या फॉर्मवरच आहे, 'ऐकू येणे कधीपासून कमी झाले', मग मी तेच सांगतोय. नाय नाय, कानाशी फटाका बिटाका काय नाय फुटला. पैज. आमच्या बिल्डिंगमधला सुबोध आहे, त्याने लावली. पण हो कोण म्हणालं? काका म्हणाले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, समोर कॅरमभोवती आठ-दहा पोरं, सगळी एकापेक्षा एक, आणि त्यातला सगळ्यात बेकार पोरगा बोलतो लावा पैज — तर शहाणा माणूस काय करतो? रुमाल काढतो, तोंड पुसतो, घरी जातो. हे बोलले, 'लाव रे झिला, लाव.' आता बोला. चूक कोणाची?

मी कोण? मी नितेश. शेजारी. दिंडोशीला कॉलनी आहे आमची, काका चारशे एक, आम्ही चारशे दोन. त्यांची मुलगी श्रुतिकाताई, तिला ऑफिसातून सुट्टी नाय मिळाली, म्हणून मला बोलली, तू घेऊन जा कांदिवलीला, कान तपासायला, तू नायतरी रिकामाच असतोस. रिकामा नाय हां मॅडम, दहावीचे दोन विषय राहिलेत, त्यांचा अभ्यास चालू आहे — बरं, चालू व्हायचाय. हा कान कोणाचा टेबलावर? प्लास्टिकचा? आतून उकडीच्या मोदकासारखा आहे हो. उघडतो पण? ठेवतो, ठेवतो. आधी एक सांगा, तिकडे आत काय ऐकू जात नाय ना? दार तर फ्रिजसारखं जाड आहे. बघा कसे बसलेत काचेमागे — आपल्याकडे पाठ, कानाला ते लाल-निळे हेडफोन लावून. घरी पण असेच बसतात. म्हणजे बसायचे.

तर काका पखवाज वाजवतात. साधं नाय, डबलबारीला वाजवायचे. डबलबारी माहितीये ना — दोन बुवा समोरासमोर, दोघांची भजनं, एकाने दुसऱ्याला टोमणा मारायचा, दुसऱ्याने गाऊन परत करायचा, आमच्याकडे कोकणातली माणसं त्याच्यासाठी जेवण सोडून येतात. तीस वर्षांपूर्वी गोरेगावला एक बारी झाली होती, त्यात पखवाजाला काशीरामकाका, आणि कोणीतरी ती टेप केली. कॅसेट. मग त्यांचे जावई, देवदत्त जीजू, त्यांनी ती कॅसेट कॉम्प्युटरला लावून फाइल केली. आणि साधीसुधी एमपीथ्री नाय केली, फ्लॅक केली. काका फलक बोलतात. 'माझो फलक लाव.' मला पहिल्यांदा वाटलं मंडळाचा बोर्ड मागतायत. फ्लॅक म्हणजे कसं, मॅडम — गाणं जसं आहे तसं, काय कापायचं नाय, काय टाकायचं नाय. म्हणून फाइल ही एवढी जाड. आणि एमपीथ्री म्हणजे गावाला जाताना आईची बॅग — जे दिसणार नाय ते काढून ठेवायचं, बाकीचं गुडघा टेकून बंद करायचं. कोणाला कळतं? कोणालाच नाय कळत. मी तरी तेच बोललो — सुबोध बोलला. सुबोध तेच बोलला.

रोज पाच ते सहा. खालच्या बाकावर काका, मांडीवर मोबाईल, मोबाईलला एक छोटी शेपटी लावलेली, फलक नीट वाजायला ती लागते म्हणे, जीजूंनी दिलेली, आणि कानावर हेडफोन म्हणजे पावाच्या दोन लाद्या. फोनमध्ये फाइल किती? एक. अख्ख्या फोनमध्ये एक फाइल, मॅडम, तीस मिनिटांची, तीच दोनदा. आणि आम्ही बाजूला जरा स्पीकर लावला की — 'बंद करा तो डबो. डब्यातला गाणा आयकून तुमचे कान डब्याचे झालेत.' रोज. डबो, डबो, डबो. मग माणूस चिडणार ना? मी बोललो, काका, फलक आणि डबो, डोळे मिटून ओळखून दाखवा. तुम्ही जिंकलात तर पखवाजाची कणिक महिनाभर मी मळणार. मी जिंकलो तर गणपतीपर्यंत स्पीकरला काय बोलायचं नाय.

हां. मी. बरं, मीच बोललो. सुबोधला फ्लॅकचं स्पेलिंग पण येत नाय. ते असू दे ना, फॉर्मवर पैज कोणी लावली त्याचा रकाना आहे का? नाय ना.

कणिक? कणिक लागते हो, पखवाजाला. डाव्या तोंडाला ओली कणिक थापतात, तेव्हा तो घुमतो. सुकली की आवाज पडतो, मग परत ओली करायची. कार्यक्रमात मागे एक माणूस वाटी घेऊन बसतोच. तिथे — ते नंतर.

मग मी काय केलं. काकांना बोललो, द्या फोन, सेटिंग करतो. वर नेला. एक फाइल फलक ठेवायची, एक एमपीथ्री करायची, बरोबर? पण समजा म्हाताऱ्याने ओळखली तर? महिनाभर कणिक कोण मळणार? मी घरी चपातीची कणिक कधी मळली नाय. मग मी दोन्ही एमपीथ्री केल्या. नुसत्या नाय, एकदम हलक्या, सगळ्यात खालच्या नंबरच्या. एकाचं नाव ठेवलं 'अ', एकाचं 'ब'. काय पण बोलू दे, मी बोलणार चूक. झकास ना? तुम्ही हसू नका, पण डोकं बघा ना. आणि ओरिजिनल फोनात राहिली तर काका साइज बघून पकडतील, म्हणून ती उडवली. उडवली म्हणजे डिलीट. त्यात काय — मला वाटलं, फलकची एमपीथ्री होते तशी एमपीथ्रीची परत फलक होत असणार. ॲपमध्ये तसं बटण आहेच, मॅडम. बटण आहे म्हटल्यावर माणूस काय समजणार?

खाली आलो. सगळे जमलेले. काकांनी 'अ' ऐकली. 'ब' ऐकली. परत 'अ'. आणि बोलले, 'ही दोनव खोटी.' मी बोललो, असं नाय, नियम म्हणजे नियम, एक सांगा. परत ऐकली. परत बोलले, खोटी. पोरं ओरडायला लागली — काका आऊट, काका आऊट, सुबोधने तर स्ट्रायकर आपटून ताल धरला. तिसऱ्यांदा ऐकली, डोळे घट्ट मिटून, हे असं तोंड करून. मग हेडफोन काढला, त्याच्याकडे बघितलं, कानात करंगळी घातली, फिरवली. आणि म्हणाले, 'माका आयकाक येना नाय.' हरले. पावणेसहा.

आम्ही स्पीकर लावला. फुल. काका उठले, वर गेले. सोमवारी लावला, खालीच नाय आले. मंगळवारी मी स्पीकर त्यांच्या खिडकीकडे तोंड करून लावला — म्हणजे मुद्दाम, म्हटलं आता तरी ओरडतील. नाय. मजा नाय आली यार. ओरडणारं कोणी नसलं तर स्पीकर लावून करायचं काय.

म्हणून मग मी स्वतः गेलो, मॅडम, माझं मन चांगलं आहे. बोललो, काका द्या, फोन साफ करून देतो. आणि ते बटण दाबलं, एमपीथ्रीची परत फलक. झाली पण. वजन परत आलं, एकदम जाडजूड फाइल, मी बोललो सुटलो. काकांनी लावली. ऐकली. सातव्या मिनिटाला थांबवली. मागे नेली. परत ऐकली. परत मागे. मग मला बोलले, 'नितेश, तुझे कान तरणे आसत. तू आयक. हय झांजांच्या पाठसून काकणां वाजतत काय सांग.'

काकणं. बांगड्या हो. मी बोललो कोणाच्या? तर बोलले, प्रेमाच्या. प्रेमाकाकू म्हणजे त्यांची बायको. चार वर्षं झाली त्यांना जाऊन. त्या बारीला वाटी घेऊन त्याच मागे बसल्या होत्या, कणिक ओली करायला. बुवाने गजर चढवला, झांजा सुरू झाल्या, काकांच्या पखवाजाची कणिक सुकत आली, म्हणून काकूंनी वाटीत हात घातला — आणि बांगड्या वाजल्या. तीन वेळा. एवढंच. तीस मिनिटांत तेवढंच. मला वाटायचं, काका आपलाच पखवाज ऐकतात, काय माणूस आहे, स्वतःवरच खूश. ते रोज दोनदा तेवढं ऐकायला बसायचे. फोटो आहेत काकूंचे, पण आवाज कशातच नाय — त्या बोलायच्याच कमी. हेच काय ते.

मी हेडफोन लावला. झांजा म्हणजे पाण्यात बुडवल्यासारख्या, शुश्श शुश्श. त्याच्या मागे काय नाय. काहीच नाय.

मग मी काय बोललो असणार? तुम्ही असता तर काय बोलला असता? आँ? मी बोललो — वाजतात ना काका. स्पष्ट वाजतात. तीनदा.

असं बघू नका. तोंडातून गेलं. आणि मग बघा ना, त्यांचा चेहरा — ते हसले, मॅडम. बोलले, 'वाजतत मां? मगे माझेच कान गेले.' आणि फोन नीट पुसून कपाटात ठेवला.

खाली आलो आणि सायबरवाल्याकडे गेलो, बोललो एमपीथ्रीतून काढलेलं परत आणता येतं का. तो हसायलाच लागला. बोलतो, चपाती फाडून पाण्यात भिजवली तर कणिक होते का रे? वजन वाढेल, कणिक नाय होणार. मग काकांच्या फोनचं कार्ड गुपचूप आणून त्यात डिलीट झालेली शोधली — तर मोकळ्या झालेल्या जागेत मी त्याच रविवारी कुस्तीचे दोन व्हिडिओ टाकले होते. काकांच्याच फोनात. त्यांना दाखवायला, गंमत म्हणून. ती फाइल त्याच्याखाली गेली. जीजूंना विचारलं, सहजच, म्हणजे सहज वाटेल असं. त्यांचा तो कॉम्प्युटर भंगारात गेला. कॅसेट? बोलले, एकदाच वाजली, दुसऱ्यांदा टेपच आत गुंडाळली गेली, फेकली. आता कुठेच नाय.

म्हणून मी तुमच्याकडे हे एक काम घेऊन आलोय, मॅडम. छोटंसं आहे. मशीन लावायच्या आधीच लिहून टाका ना — थोडे गेलेत म्हणून. वयाने. एकाहत्तरला कोणाचे पण जातात, खोटं पण नाय फार. का म्हणजे? तुम्ही बघा ना नीट. कान चांगले निघाले, तर काका घरी जाऊन विचार करणार — कान चांगले, मग काकणं कुठे गेली? आणि कान गेलेले निघाले, तर काकणं आहेत. फोनात आहेत, कपाटात आहेत, वाजतायत, फक्त ऐकू येत नाय. कुठलं बरं? बोला ना, कुठलं बरं? मी तीन दिवस हाच हिशेब करतोय, मला गणितात सात पडले होते, तरी हे उत्तर माझं बरोबर येतंय.

मला मार पडेल म्हणून नाय. मार काय, मार मी कोळून प्यालोय. वॉचमनच्या खुर्चीला फेविकॉल लावलेलं तेव्हा बाबांनी अख्ख्या जिन्यावरून — ते जाऊ दे.

फक्त एक लोचा झालाय. काकांनी मंडळात सांगितलंय, गणपतीत मी बसणार नाय. कान नसलेल्याने वाजवू नये म्हणे. आणि पखवाज शनिवारच्या एसटीने गावच्या देवळात पाठवतायत. बांधून ठेवलाय, चादरीत, वरून सुतळी. काल मी गेलो तर सुतळीला गाठ मारताना गाठीवर माझं बोट धरायला लावलं. मी धरलं. गाठ पण चांगली घट्ट बसली.

काय? नाय, मी नाय सांगू शकत. तुम्ही सांगा ना, तुम्ही डॉक्टर. तुमचं काम नाय ते कसं? बरं मग श्रुतिकाताईला सांगतो, ती — हां, ती पण रडेल. तिची आई. ते डोक्यातच नाय आलं माझ्या.

हा माइक कसला? आत बोलायचा? म्हणजे इथून बोललं की त्यांच्या थेट कानात? तुम्ही बोला ना आधी काहीतरी, टेस्टिंग — नको. नको, राहू दे. कुठलं बटण? हे? दाबून धरायचं की एकदाच? धरून ठेवायचं. बरं. तुम्ही जरा तिकडे बघता का, कागदात वगैरे.

हॅलो. काका, नितेश. मागे वळू नका, तसेच बसा, वळलात तर मला नाय जमणार. काका, तुमच्या कानाला काय झालेलं नाय. रविवारी दोन्ही खोट्या होत्या, तुम्ही बरोबर बोललात, तुम्ही जिंकलात. मी केल्या त्या. सुबोध नाय, कोण नाय, मी. आणि काकणं मला पण नाय ऐकू आली काका. मी खोटं बोललो. फाइलमध्येच नाहीयेत ती. माझ्याकडून उडाली. मी सगळीकडे शोधली, नाय मिळत, नाय मिळणार. पखवाज नका पाठवू. झालं. एवढंच आहे.

सोडलं बटण. मॅडम, वळले पण नायत ते. आवाज गेला ना नक्की? आणि हा हिरवा दिवा कसला लागला इकडे? ऐकू आलं की पेशंट आतून बटण दाबतो, त्याचा?

अजून दाबूनच धरलंय त्यांनी.