विहिरीतला मामलेदार

झुंबर : दादा, अगदी खरं सांगा. आपल्या विहिरीतलं कासव शी कुठं करतं?

(मखमलाबादचा फुलमळा, १९३६. झुंबरचे दादा, म्हणजे वडील पुंजाराम, मोटेचे बैल थांबवतात. आई गोजराबाई तोंडाला लावलेला तांब्या खाली घेते.)

दादा : शाळंत हे शिकवत्यात व्हय?

झुंबर : नाही हो, पैज! माझी मैत्रीण सितारा म्हणाली, दादांना विचारून दाखव, महिनाभर माझ्या सगळ्या चिंचा तुला.

आई : चिंचा ऱ्हाऊ दे. अहो, कुठं करतं?

दादा : कुठं म्हंजे? तिथंच. त्याला का परसाकडं जायला तांब्या द्यायचा?

आई : अगं बाई! अकरा वरसं मी हेच पाणी पिते!

दादा : विहीर खणली की कासव सोडायचंच असतंय. शेवाळ खातं, किडे खातं, पाणी नितळ ऱ्हातं.

झुंबर : आणि मासे, बेडूक, पाणकिडे... तेही सगळे तिथंच...

आई : तू गप! अहो, दिवस मावळायच्या आत ते कासव भाईर काढा. नायतर मी चूल पेटवत नाय.

झुंबर : आई, मामलेदाराला नको ना गं!

आई : कोण मामलेदार?

झुंबर : कासवच! वर येतो, चारी बाजूंना बघतो, काही न करता खाली जातो.

आई : करतो की! आत्ताच कळलं.

झुंबर : अगं, गुलाबाला आपण काय घालतो? शेणच ना? तोच गुलाब देवाच्या डोक्यावर बसतो. देव बोलला कधी काही?

आई : देव गुलाब पीत नाय. अहो, उतरा.

दादा : आज जरा गुडघा...

आई : काल आंब्यावर चढला व्हता तुमचा गुडघा.

दादा : गोजरा, मला पवता येत नाय.

आई : काय? मला बघायला आलात तवा आत्याबाई म्हणल्या, पोरगा भर पुरात गोदावरी पार करतो!

दादा : नावेत बसून.

आई : ऱ्हाऊ द्या. बारकू गड्याला हाक मारा.

झुंबर : नको! तो कासवाला थेट बाजारात नेईल. थांबा. माझं ठरलं. पाठीला सुका भोपळा बांधून मीच पोहायला शिकते. मामलेदाराला मीच बाहेर काढणार.

आई : कधी?

झुंबर : दोनएक वर्षं लागतील. तोवर पाणी गाळून प्या.