बुडाचं पीठ

माझं माहेर दुधनीकडचं. आमी धनगर, दारात मेंढरं, घरात निम्मं कानडी निम्मं मराठी, आणि ज्वारीची भाकरी तर काय सांगू तुमाला, सात वर्साची असल्यापासनं थापते. लगीन हून सोलापुरात भवानी पेठंत आले, तर तीच भाकरी पोटापाण्याला आली. हितं कडक भाकरीचं काम हाय. पातळ थापायची, भाजायची, वाळवून पापडागत कडक करायची, मग पुडक्यात भरून भाईरगावी जाती. काठ चिरलेली पुडक्यात चालत न्हाय. आमी सहा बाया, मी समद्यांत जुनी, म्हणून आक्का म्हणत्यात.

दोन वर्सामागं नरसम्मा आली. तेलुगू घरातली, चादरीच्या मागावर काम केलेली, माग बंद पडला म्हणून तव्यापाशी आली. तिच्या भाकरीचा काठ चिरायचा, रोज चिरायचा. मी म्हणायचे, हिचा हातच जड, हिचं ध्यान न्हाय कामात, मागावरच्या बाईला भाकरी काय कळणार. आणि माझी कवा चिरली तर? तर पिठाची विरी गेली, पीठ जुनं, चिकटच न्हाय. माझं चुकलं असं कवा तोंडातनं निघालं न्हाय बगा.

एक दिस मालकीणबाईनं इचारलं, आक्का, नरसम्माला ठेवायचं का नको, तुमीच सांगा. मी सरळ नको म्हणले. तिच्या घरात दोन पोरी, नवरा घरी बसलेला, समदं ठावं हुतं मला, तरी म्हणले. बाई म्हणल्या, शनवारपत्तोर बघू.

आता आमच्यात पद्धत अशी, ताजं दळण आलं की जुन्या बाया आधी घेणार, डब्याच्या बुडाचं शिळं पीठ उरंल ते नवीला. त्यात कुणाला काय वावगं वाटत न्हवतं. शुक्करवारी सुनेला दवाखान्यात न्हेलं, मला उशीर झाला, समद्यांनी पीठ घेतलेलं. मी बसले. पयली चिरली, दुसरी चिरली, तिसरी तव्यावर टाकतानाच मोडली. मी वराडले, विरी गेलीया की ह्या पिठाची, कुणाला जमंल ह्याची भाकरी. नरसम्मा शेजारच्या तव्यावर. मान वर न करता हळूच म्हणली, आक्का, मला रोज हेच पीठ येतंय.

लाजंनं मेले मी. तशीच पिठाच्या हातानं उठले, मालकीणबाईकडं गेले, म्हणले, तिचा हात चांगला हाय, पीठच वाईट देतोय आमी तिला, माझं चुकलं.

मग तिला शिकवलं, जुनं पीठ असंल तर उकळतं पाणी घालून मळायचं, काठ धरतोय. आणि आता नवं-जुनं समदं एकाच डब्यात मिसळतो, मग कुणीबी आधी घ्या.

परवा माझ्याच दोन चिरल्या. मला वाटलं, आता ही म्हणंल, आक्का म्हातारी झाली, हात ऱ्हायला न्हाय. तर ती जवळ आली आणि इचारलं, आक्का, आज काय झालं, डोळं दुखत्यात का? खरंच दुखत हुते हो, सकाळपासनं. तिनं माझी परात आपल्याकडं ओढली आणि थापाय लागली. सुखात ऱ्हावं तिनं, तिच्या पोरींनी. असं इचारणारी शेजारी बसलीया, अजून धा वर्सं थापीन मी.