लेखिकेचं हित

भाची : सही केली नसतीस तर आज्जीच्या घरात अर्धा वाटा तुझा होता, आत्या. अर्धा! कायदा तुझ्या बाजूने होता. मग हक्क सोडून तुला मिळालं काय?

आत्या : आधी ते रेकॉर्डिंग बंद कर. दादा येईल इतक्यात तुला न्यायला.

भाची : केलं बंद. उद्या निबंध द्यायचाय गं. सर म्हणतात, कलमं कोणीही पाठ करतं. कायदा घराच्या उंबऱ्याशी कुठे अडतो ते बघून या.

आत्या : सरांना बहीण नाही वाटतं? माझाच उंबरा सापडला!

भाची : जबरदस्ती झाली होती का?

आत्या : छे! दादाने पेन दिलं, तुझ्या आईने चहा दिला. सगळे इतकं गोड बोलत होते, मला वाटलं माझं लग्नच ठरतंय पुन्हा.

भाची : आणि तू हिशोब नाही केलास?

आत्या : केला की. एकीकडे अर्धं घर, दुसरीकडे अख्खा भाऊ. तुझे काका गेले, मी एकटी पडले, तेव्हा सगळं कोणी निस्तरलं? वाटा मागितला असता तर आला असता तो? ...लिफ्ट वाजली का गं?

भाची : शेजारी कोणीतरी आलं. तुझं नाव नाही घालत. ‘एक बाई’ लिहिते.

आत्या : तू लिहिलेलं अक्षर न् अक्षर वाचतो तो. चहापाशीच ओळखेल. मग यायचा बंद झाला म्हणजे?

भाची : नाही होणार. आता एकच राहिलं. लिहिणाऱ्याचं या हकिगतीत स्वतःचं काय हित गुंतलंय, तेही लिहा म्हणतात सर. मी लिहिलंय, ‘काही नाही.’

आत्या : ...चार्जर घेतलास का? दर वेळी विसरतेस.

भाची : आत्या, काय झालं?

आत्या : आज्जीचं घर का विकलं, सांगितलं नाही तुला दादाने?

भाची : बाबा म्हणाले, छप्पर गळत होतं म्हणून.

आत्या : ते माझ्या लहानपणापासून गळतंय. तुला प्रवेश मिळाला त्याच महिन्यात बरं असह्य झालं!

भाची : म्हणजे... माझी फी?

आत्या : वसतिगृहासकट.

(दारावरची बेल वाजते.)

भाची : आता काय करू? ‘काही नाही’ ठेवलं तर खोटं. खरं लिहिलं तर बाबा...

आत्या : डोळे पूस आधी.

भाची : सांग ना, काय लिहू?

आत्या : लिही, अर्धी फी आत्याने भरली. आणि थांब, दार मी उघडते. पुढे येईल न येईल. आज डोळे भरून बघून घेते त्याला.