विहिरीत पडलेल्या माडाचा पंचनामा

...हसू नका हो, तुम्हाला हसायला काय जातंय, तुमच्या विहिरीत माड पडलाय का? आमच्या कमळवहिनीच्या पडला! मे महिन्यात, भर दुपारी, अख्खा माड, शेंड्यासकट, बरोब्बर विहिरीच्या तोंडात, बाटलीला बूच मारावं तसा! आणि वरून ऑर्डर काय? हात लावायचा नाही!

थांबा, नीट सांगतो, नाहीतर म्हणाल हा चंदू कुठल्या कोकणातल्या गप्पा मारतोय. कोकण कसलं, बोरिवली हो! म्हणजे मी बोरिवलीत, सातव्या मजल्यावर, आणि माझा थोरला भाऊ नंदकिशोर आणि त्याची बायको कमळ खाडीपलीकडे गोराईला, आमच्या वडिलांच्या वाडीत. माड आहेत, दुधी-पडवळाचे मांडव आहेत, आणि मोगरा आहे. तो मोगरा वहिनीचा. लग्न होऊन आली तेव्हा तिथे नुसती रेती होती, दहा वर्षं एकेक कलम लावून तिने तो उभा केलाय, त्याच्याकडे कोणी वाकड्या नजरेने बघितलेलं चालत नाही तिला!

तर वादळ आलं. अर्धा तास. अर्ध्या तासात अकरा माड आडवे, मांडव भुईसपाट, सगळ्याची वाट लागली! मोगरा ठेंगणा म्हणून वाचला. पण दुसऱ्या दिवशी ऊन असं पडलं की विचारू नका, आणि विहिरीला तर बूच! वहिनीने कोयता उचलला, तर दादा मोबाइलवरचा सरकारी मेसेज दाखवत धावत आला, "अगं थांब! पंचनामा होईस्तोवर नुकसान आहे तसं ठेवायचंय, हात लावायचा नाही!" आमचा दादा कसाय सांगू? रिकाम्या रस्त्यावर लाल सिग्नल दिसला ना, तर हा श्वास रोखून उभा राहील!

वहिनीने हेल्पलाइनला फोन लावला.

"जिल्हा?"

"मुंबई उपनगर."

"पीक?"

"माड, मोगरा, दुधी."

"...मावशी, खरं सांगा, कुठून बोलताय?"

झालं! दुसऱ्या दिवशी ती स्वतः तहसील कचेरीत गेली. तिथल्या मॅडम मान वर न करता, हे असं नाकात, "सगळा स्टाफ आतल्या जिल्ह्यांच्या याद्यांना लावलाय, तिकडे केवढं नुकसान झालंय, टीव्ही बघत नाही का तुम्ही?" आता वहिनी काय भांडकुदळ बाई नाही. म्हणाली, "त्यांचं आधी करा ना मॅडम, त्यांची तर उभी पिकं गेली. मला तेवढी विहीर मोकळी करू द्या." "अजिबात नाही! पुरावा आहे तो. हात लावायचा नाही!"

मग काय, चार दिवस बाई लांबच्या नळावरून कळश्या वाहतेय! सकाळी वीस, संध्याकाळी वीस, आणि एवढ्या मोगऱ्याला त्या किती पुरणार हो? कळ्या धरल्या जागी करपल्या. पाचव्या दिवशी दादा म्हणतो, "जाऊ दे गं, नशीब आपलं." मी होतो तिथे. वहिनीने एक फांदी वाकवून बघितली, आत अजून हिरवी होती. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, पण बोलली काय? "नशिबाला कोण विचारतंय? उद्या पहिल्या बोटीने जाते."

गेली! आणि एकटी नाही गेली. एक माड वाऱ्याने वरच्या वर मोडला होता, त्याचा शेंडा, झावळ्यांसकट, दोरीने ओढत थेट बोटीत! बोटवाला म्हणतो, "हे काय काकी?" "पुरावा." पलीकडे टेम्पो केला आणि मला फोन, "चंदूभावजी, रजा टाका." वहिनी एकदाच सांगते. टाकली रजा!

मी पोचलो तर काय बघतो, तुम्हाला सांगतो, कचेरीच्या फाटकात शेंडा आडवा, त्याच्या शेजारी वहिनी उभी, बाहेर साहेबांची गाडी, आणि ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न! साहेब उतरले, "हे काय आहे? हलवा आधी!" वॉचमन पुढे झाला. वहिनीने पदर खोचला आणि अशी आडवी उभी राहिली! "हात लावायचा नाही! पंचनामा व्हायचाय."

खिडकीतून मॅडम ओरडल्या, "मावशी, हे जागेवरून कोणी हलवलं?"

"वाऱ्याने!"

"गोराईहून इथपर्यंत?"

"वादळ होतं ना मॅडम! टीव्ही बघत नाही का तुम्ही?"

अख्खी रांग हसली. साहेबांनी रुमाल तोंडाला लावला, खोकला की हसू देव जाणे, पण तिथल्या तिथे तलाठ्याला बोलावलं, "कृणाल, आत्ताच्या आत्ता जा यांच्याबरोबर."

आला कृणाल. बोटीत बसल्यापासून हिरवा-निळा झालेला, वाडीत आल्यावर मोबाइल काढला आणि परत हिरवा झाला. "ताई, ॲपमध्ये तुमच्या जिल्ह्याला शेती येतच नाही. घर येतंय, दुकान येतंय, गाडी येतेय... गाडी टाकू?"

"माडाला चाकं दिसतात का तुम्हाला?"

"नाही, पण ताई, सिस्टीम..."

"सिस्टीम खिशात ठेवा. कागद काढा!"

आणि काढला हो त्याने! वाईट नव्हता बिचारा. दोन तास उन्हात फिरला, एकेक माड मोजला, मांडव मोजले, मोगऱ्याचं वेगळं लिहून घेतलं, वाडीतले पाच पंच गोळा करून सह्या घेतल्या. शेवटची सही झाली आणि कोयत्याचा आवाज आला. बघतो तर दादा! आमचा सिग्नलवाला दादा, सगळ्यांच्या आधी विहिरीवरच्या माडावर चढून घाव घालतोय! मग मी, पंच, अगदी कृणालसुद्धा बाह्या सरसावून दोराला. संध्याकाळी विहिरीतला शेंडा निघाला. पहिली बादली वर आली, वहिनीने आम्हाला घोटभरसुद्धा दिलं नाही, थेट मोगऱ्याला! अर्धा गेला, पण अर्धा वाचला.

आणि मदत? मंजूर झाली ना! दिवाळीच्या तोंडावर पत्र आलं. वहिनीने दोनदा वाचलं, मग मला वाचायला दिलं. लिहिलं होतं, "सदर क्षेत्र नागरी असून तेथे शेती आढळून येत नाही. तथापि, सदर शेतीच्या नुकसानीपोटी मदत मंजूर करण्यात येत आहे."

मी उसळलो, "वहिनी, आजच तक्रार करूया!"

तिने एक लांब सुस्कारा टाकला, आत गेली, भरलेली पिशवी आणून माझ्या हातात दिली. "जाऊ द्या भावजी. ही वाडीतली वांगी न्या. आढळली नाहीत, पण ताजी आहेत."