‘बाजूला!’ असं मीच ओरडले

सगळ्यात आधी हे लिहून घ्या, नाव-पत्ता नंतर. काल संध्याकाळी या ठाण्यातल्या कागदावर माझ्याबद्दल एक ओळ लिहिली गेली: ‘सोबतची वृद्ध महिला गोंधळलेली असल्याने तिचा जबाब घेतला नाही.’ मी गोंधळले होते हे खरं. पण गोंधळलेल्या माणसाला डोळे नसतात असं कुणी सांगितलं? मला पाणी पाजून गाडीतून घरी सोडलं, आणि जिनं काही केलं नाही त्या माझ्या नातीला आठपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. आज तिला पुन्हा बोलावून बसवलंय. ही माझी तक्रार आहे, ती खोडायची नाही. आता विचारा.

नाव ओळखपत्रावर आहे, त्यावरून उतरवून घ्यावं. कामावर मला सगळ्या जणी भोंगा म्हणत. वय चौऱ्याहत्तर. शिक्षण चौथी, तीही अर्धी. व्यवसाय सध्या घरी शिवणकाम. त्याआधी इस्पितळाच्या लाँड्रीत एकतीस वर्षं, त्यातली शेवटची चौदा मुकादम म्हणून. राहणार बेकरीच्या वर, तिसरा मजला.

मी आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आपल्या पायांनी ठाण्यात हजर होऊन समक्ष सांगते की,

माझ्याजवळ माझी नात राहते. वय एकोणीस. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम शिकते. पुढच्या महिन्यात तिची परीक्षा आहे आणि परीक्षेला बसायला पोलिसांचा दाखला लागतो. तिच्या नावावर गुन्हा लागला तर दाखला मिळणार नाही, आणि दुकानदार दुसरी मुलगी ठेवेल. मी कशासाठी आले ते हे.

नातीची आई, म्हणजे माझी मुलगी, दुसऱ्या गावी असते. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. काम फारसं नसतं.

कालच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं नातीनं काढली होती, एक स्वतःचं आणि एक आईचं. बँड चाळीस वर्षांचा जुना आहे. त्या प्रकाराला पंक रॉक म्हणतात. हवालदार विचारतात, बँडचं नाव तुम्हाला आधीपासून माहीत होतं का. होतं. मुलीच्या जाकिटाच्या पाठीवर रंगवलेलं होतं. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. त्या जाकिटाची मी भांडी उतरवायची फडकी शिवली. कापड जाड होतं, फडकी बरीच वर्षं टिकली. या प्रश्नाचा कालच्या घटनेशी संबंध नाही, पण विचारलं म्हणून सांगितलं.

परवा मुलीचा निरोप आला की तिला जमत नाही. का, ते मी विचारलं नाही. नात मला म्हणाली, “आजी, मग तू चल.” मी म्हटलं, “माझं वय काय, त्यांचं वय काय!” ती म्हणाली, “गाणाऱ्याचं अडुसष्ट.”

काल सकाळी तिनं घालायचं जाकीट खुर्चीवर टाकलेलं होतं. एक बाही खांद्यापासून उसवलेली, पाठीवर चिंध्या टाचलेल्या, जागोजाग पिना. मी पिना काढून डबीत ठेवल्या, बाही मशीनवर घेतली, चिंध्यांना चारी बाजूंनी शिलाई मारली. चांगले दोन तास गेले. नात आंघोळ करून आली आणि बघत राहिली.

“आजी, हे काय केलंस?”

“शिवलं.”

“अगं, ते फाटकंच असतं!”

“फाटलेलं होतं म्हणूनच शिवलं ना? नवं असतं तर कशाला हात लावला असता?”

ती हसत सुटली. का हसली ते मला कळलं नाही, पण तिनं तेच जाकीट घातलं.

कार्यक्रम दुपारी चारला होता. असले कार्यक्रम रात्री असतात असं मी ऐकलं होतं. नातीनं सांगितलं की बँडमधल्या दोघांना संध्याकाळच्या गोळ्या वेळेवर घ्याव्या लागतात. आम्ही साडेतीनला पोचलो. बाहेर रांग होती. माणसं बहुतेक पन्नास-साठीची, टकली, पोट सुटलेली, अंगात काळी जाकिटं. रांगेत कुणीही मधे घुसलं नाही. माझे दातांचे डॉक्टरही त्यात होते. त्यांच्या गळ्यात कुत्र्याचा पट्टा होता. ते म्हणाले, “आजी, तुम्ही इथं?” मी म्हटलं, “डॉक्टर, तुम्ही इथं?”

आत खुर्च्या नव्हत्या. नातीनं मला स्टेजजवळ, कठड्याला टेकून उभं केलं. स्टेज माझ्या छातीएवढं उंच. बँडमध्ये चार माणसं. ड्रम वाजवणाऱ्याच्या कमरेला पाठदुखीचा पट्टा, गिटारवाला उंच स्टुलावर, तिसरा सबंध वेळ भिंतीकडे तोंड करून. गाणारा हाडकुळा. त्याला गाण्यांची यादी वाचायला चष्मा लावावा लागत होता, आणि ओरडताना तो काढावा लागत होता. त्यानं पहिल्यांदा लोकांना आईवरून शिवी दिली. लोकांनी त्याहून मोठी परत दिली. सगळे खूश झाले. मग त्यानं विचारलं, “म्हाताऱ्यांनो, जिवंत आहात का?” सगळ्यांनी हात वर केले. मीही केला, कारण प्रश्न सरळ होता.

आवाज मोठा होता. आमच्या पिळायच्या यंत्रापेक्षा जास्त नव्हता.

पहिल्या गाण्याचा अर्थ एवढाच की आम्ही रांगेत उभे राहणार नाही. ते म्हणताना माझ्यामागचे लोक एकमेकांना धक्के मारू लागले. दातांच्या डॉक्टरांना एका धिप्पाड माणसानं ढकललं, ते खाली पडले. मी नातीला म्हटलं, “अगं, मारामारी झाली, चल!” तोवर त्याच धिप्पाड माणसानं आणि आणखी तिघांनी डॉक्टरांना बगलेत धरून उभं केलं. एकानं त्यांचा चष्मा शोधून हातात उंच धरला, तो त्यांच्या नाकावर बसवला, आणि पुन्हा ढकललं. डॉक्टर हसत होते. माझी अक्कलदाढ काढताना हा माणूस एकदाही हसला नव्हता.

हवालदार विचारतात की तिथं मारहाण होती की नव्हती. मला सांगता येत नाही. ढकलणारे आणि उचलणारे तेच होते. तुम्ही कोणतं कलम लावाल ते तुम्ही बघा.

चौथं की पाचवं गाणं सुरू झालं तेव्हा त्याचे शब्द मला येत होते. हे कसं, असं हवालदार विचारतात. आमच्या जुन्या घरी मुलगी न्हाणीघरात गायची, आणि दार पातळ होतं. माझा पाय हलत होता असं डॉक्टरांनी त्यांच्या जबाबात सांगितलं आहे. मला आठवत नाही. त्यांचं खोटं आहे असंही मी म्हणत नाही.

आता मुख्य घटना.

वेळ पाच वाजून चाळीस मिनिटं. शेवटचं गाणं चालू होतं. गाणाऱ्यानं चष्मा गिटारवाल्याकडे दिला आणि तो स्टेजच्या कडेला आला, माझ्यापासून दोन हातांवर. ड्रम एकदम थांबले. सगळं थांबलं. लोकांनी हात वर केले. मला वाटलं पुन्हा जिवंत आहात का विचारतोय. तेवढ्यात त्यानं डोळे मिटले, हात पसरले आणि तो पुढं कलला.

लोकांनी झेलायचं असतं, ही त्यांची रीत आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला एवढंच दिसलं की वरून काहीतरी जड खाली येतंय आणि खाली माणसं आहेत. आमच्या लाँड्रीत उकळत्या चादरींची गाडी उतारावरून यायची. ती थांबवता येत नाही. जिला ती आधी दिसेल तिनं पोट आत घेऊन एकच शब्द ओरडायचा आणि बाकीच्यांनी विचार न करता भिंतीला चिकटायचं. एका बाईनं एकदा विचार केला. तिच्या पायाचं मी इथं सांगत नाही. तेव्हापासून मी गरजेपेक्षा मोठ्यानं ओरडते.

मी ओरडले, “बाजूला!”

अख्खी गर्दी दुभंगली. निम्मी उजवीकडं, निम्मी डावीकडं. डॉक्टरसुद्धा. एकतीस वर्षांत माझ्या बायका इतक्या झटकन कधी हलल्या नव्हत्या.

फक्त माझी नात हलली नाही. ती मोकळ्या जागेत एकटी, दोन्ही हात वर करून उभी राहिली. तो तिच्यावर आला. दोघं खाली गेले. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. डोकं तिच्या हातावर आलं म्हणून वाचलं, असं इस्पितळातले डॉक्टर म्हणतात. नातीचं मनगट सुजलं आहे. ते काल कुणी कागदावर लिहिलं नाही, ते आज लिहावं.

गाणारा जमिनीवर पडल्यापडल्या म्हणाला, “कोण ओरडलं रे?”

नात म्हणाली, “मी.”

तो हसू लागला. हसताना खांदा दुखत होता म्हणून शिव्याही देत होता. म्हणाला, “चाळीस वर्षं घसा फोडून सांगतोय, कुणाचं ऐकू नका. आणि आज नेमकं ऐकलं हरामखोरांनी!” लोक रडत होते की हसत होते, मला कळलं नाही. मग हॉलचा मॅनेजर आला. त्यानं नातीचा दंड धरला. खोटी आरोळी ठोकून गोंधळ माजवला आणि कलाकाराला जखमी केलं, अशी तक्रार त्यानं दिली आहे. गाणाऱ्यानं इस्पितळातून तक्रार नाही असं कळवलं, पण मॅनेजर मागं घेत नाही.

हवालदार विचारतात, त्याच वेळी तुम्ही का बोलला नाहीत. कठड्यापासून पोलिसांच्या गाडीपर्यंत मी नातीच्या मागून चालत होते. साधारण दीडशे पावलं. मी बोलले नाही. तोंड उघडत होतं, आवाज येत नव्हता. गाडीत बोलले तेव्हा म्हातारी बरळतेय असं समजून मला पाणी दिलं. कारण विचारलं तर माझ्याकडे नाही. दीडशे पावलं हे मात्र खरं आहे, ते लिहावं.

मॅनेजरनं तक्रारीत ‘तरुण मुलीचा आवाज’ असं लिहिलं आहे. शेजारच्या खोलीत साहेब बसले आहेत, त्यांना इथं बोलवावं आणि दार लावून घ्यावं.

(येथे साक्षीदाराने एक शब्द मोठ्याने उच्चारून दाखवला. साहेब व दोन शिपाई भिंतीकडे सरकले. टेबलावरील चहा सांडला. – लिहून घेणारा हवालदार)

आता आवाज कुणाचा ते सगळ्यांनी ऐकलं. साहेब म्हणाले, “आजी, बस, कळलं.” मॅनेजरला दुपारी बोलावून तक्रारीतून नातीचं नाव काढायला सांगतो, असं ते म्हणाले. माझं नाव घालायचं असेल तर घालावं. मला परीक्षेला बसायचं नाही.

नातीनं स्वतःवर का घेतलं, हे तिला विचारू नये. मीही विचारणार नाही. तिथल्या सगळ्या माणसांत माझं न ऐकणारी ती एकटीच होती. ही गोष्ट मी तक्रार म्हणून सांगत नाही.

वर लिहिलेलं हवालदारानं मला दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा घाईनं वाचलं म्हणून मी पुन्हा वाचायला लावलं. मी बोलले तसंच उतरलं आहे. फक्त एका ठिकाणी ‘वृद्ध महिला’ घातलं होतं, ते काढून ‘मुकादम’ केलं. सही येते तेवढी केली आहे.

शेवटचं. साहेब म्हणतात की नातीला सोडताना तिच्या आईला कळवावं लागेल. नंबर लिहिलेला कागद त्यांच्या हातात आहे. तो माझ्याकडे द्यावा. फोन मी लावणार. मुलगी आधी काय झालं ते विचारेल, मग जुनंही काही विचारेल. साहेबांनी मधे समजूत घालायची नाही, नातीनं तर तोंडही उघडायचं नाही. मुलीला उत्तर मी द्यायचं आहे.