बंबाशेजारचा कोळसा

बंबाचा विषय निघालाय म्हणून सांगतो.

माझी पुतणी सुजाता शेतकी कॉलेजात शिकती. निपाणीच्या आमच्या रानात तिचा प्रयोग चालला व्हता. पीक हवेतला कार्बन ओढून धाटात साठवतंय, तो परत हवेत जाऊ द्यायचा न्हाय, एवढंच काम. तिनं तंबाखूची निम्मी धाटं प्लास्टिकात गुंडाळून खोल खड्ड्यात पुरली. उरलेली पिंपात हवा लागू न देता भाजून त्यांचा कोळसा केला. हा कोळसा मातीत मिसळला की शेकडो वर्षं टिकतो म्हणं. दोन्हीतली बरी पद्धत कुठली, ते बघायला दुसऱ्या दिवशी बेळगावहून तिचे सर येणार होते. कोळशाची पाटी तिनं रात्री न्हाणीच्या दारात, बंबाशेजारी ठेवली आणि झोपली.

सकाळी आमचे वडील, आप्पा, आंघोळ करून खुशीत बाहेर आले. "पोरी, रोज धाटांच्या धुरानं डोळं चुरचुरत्यात बघ. आज बंब कसा बिनधुराचा पेटला! म्हाताऱ्याची लई काळजी गं तुला."

सुजातानं रिकामी पाटी बघितली आणि ओरडलीच. "आप्पा, तो कोळसा शेकडो वर्षं ठेवायचा होता!"

"व्हय? बंबाशेजारी?"

तेवढ्यात सर आले. चहा घेता घेता त्यांनी विचारलं, "मग सुजाता, जास्त टिकाऊ पद्धत कुठली वाटते?"

तिनं एकदा आप्पांकडं बघितलं. मग शांतपणे म्हणाली, "आमच्या घरात तरी पुरायचीच, सर."