चार शब्द गाळायचे

(आयर्लंडमधलं लिमरिक शहर. दुपारची वेळ. दवाखान्याबाहेर उभी केलेली गाडी, आत नवरा-बायको.)

ओर्ला : ठणठणीत म्हणे! रग्बी खेळायचास तेव्हा पंचविशीत स्मरणशक्तीच्या चाचणीत जेवढे गुण, तेवढेच आज सत्तेचाळिशीत. आणि परवा सख्ख्या बहिणीला विचारलंस, आपण आधी कुठे भेटलोय का म्हणून.

फर्गल : डॉक्टरांचं काही चुकलेलं नाही.

ओर्ला : मग कुणाचं?

फर्गल : माझं. पंचविशीतलं.

ओर्ला : फर्गल, मला कळेल असं बोल.

फर्गल : मोसमाआधी ती चाचणी व्हायची. शब्द आठवा, आकडे उलटे म्हणा. आम्ही मुद्दाम चुकायचो. पुढे डोक्याला मार बसला की तीच चाचणी परत घेऊन ताडून बघायचे. गुण तेवढेच यायचे. शनिवारी परत मैदानात.

ओर्ला : सगळेच?

फर्गल : जुने नव्यांना शिकवायचे. फार चुकायचं नाही, संशय येतो. दहातले चार शब्द गाळायचे. आयर्लंडकडून एकतीस सामने खेळलो. त्यातले कितीतरी दुसऱ्याच कुणी खेळल्यासारखे वाटतात.

ओर्ला : आणि हे तू इतक्या थंडपणे सांगतोयस?

फर्गल : वाईट वाटायला हवं. वाटत नाही. काहीच वाटत नाही हल्ली.

ओर्ला : आत चल. डॉक्टरांना सांग.

फर्गल : सांगून काय? माझं तेव्हाचं खरं डोकं कुठून आणणार ते?

ओर्ला : ...ऑगस्टमध्ये नीवच्या रग्बीच्या मोसमाआधीच्या चाचणीला तूच तिला सोडायला गेला होतास.

फर्गल : हो.

ओर्ला : गाडीत काय शिकवलंस आपल्या लेकीला?

फर्गल : ओर्ला...

ओर्ला : बोल ना!

फर्गल : मला जे येत होतं तेच.

ओर्ला : रविवारी तिच्या कानशिलावर गुडघा बसला. मंगळवारी चाचणीत पास झाली म्हणून तू केक घेऊन आलास. उद्या ती देशाकडून पहिल्यांदा उतरणार. आणि तू गप्प!

फर्गल : खूश होतो गं मी.

ओर्ला : तिच्या संघाच्या डॉक्टरांना फोन लावतेय.

फर्गल : उद्याचा सामना जाईल तिचा. जन्मात माझं तोंड बघणार नाही.

ओर्ला : नको बघू दे. रुसायलाही डोकं शाबूत लागतं.

फर्गल : मी तिच्या जागी असतो तर असल्या बापाला माफ केलं नसतं.

ओर्ला : लागलाय. धर.

फर्गल : हॅलो, डॉक्टर? मी नीवचा बाप. तिची ऑगस्टमधली चाचणी खोटी आहे. मीच तिला चुकायला शिकवलं.